निशाणावरची टिटवी

त्या नगरात नदी नव्हती, पण नगराच्या निशाणावर होती.

पांढऱ्या कापडावर आडवा निळा पट्टा, ती नदी. तिच्या काठाला हिरवा उंबर. उंबराखाली मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला ऊद, म्हणजे पाणमांजर, तोंडात मासा धरलेला. या सगळ्याभोवती सोनेरी दोऱ्याचं गोल कडं आणि कड्याखाली दोन शब्द: सर्वांना जागा. ही नगराची मुद्रा. नगर प्राण्यापाखरांचं होतं आणि त्यातला जो तो मुद्रेचा अर्थ सांगू शकत असे. निळा म्हणजे जीवन, हिरवा म्हणजे भरभराट, ऊद म्हणजे उद्योग. लहानलहान पिलांना हे तोंडपाठ असे. त्यांतल्या एकानंही खरा ऊद पाहिलेला नसे, ती गोष्ट वेगळी.

नदी पूर्वी खाली होती. पावसाळ्यात ती काठ सोडून वर यायची आणि काठावर कुणाला दुकान घालू द्यायची नाही. नगरसभेला तो काठ हवा होता. पण नदीला जा म्हणायला कुणाचं तोंड होईना, कारण सगळे तिच्याच पाण्यावर वाढलेले. तेव्हा कुणीतरी सुचवलं की आपण तिचा मान करू, तिला निशाणावर घेऊ. नदी भोळी. ती हरखली. निळा पट्टा शिवून झाला, शेवटचा टाका पडला, आणि त्या संध्याकाळी पात्रात नुसती वाळू आणि गोटे उरले. काठावर दुकानं आली. पाणी लांबच्या तळ्यावरून यायला लागलं. कुणी विचारलंच तर नगरसभा निशाणाकडे बोट दाखवायची. नदी कुठे गेली म्हणता? ती काय, सगळ्यांच्या वर आहे.

तेव्हापासून नियम पडला. निशाणावर जागा मिळाली की जमिनीवरची जागा सुटते. एकाला दोन जागा देऊन कसं चालेल, इतरांनी कुठे जायचं? नियम ऐकायला न्यायाचा वाटायचा, म्हणून कुणी भांडलं नाही. उंबराच्या वेळी तर टाळ्या पडल्या. ऊद मात्र रडला होता म्हणतात.

आणखीही दोन रिवाज होते. निशाणाच्या काठीच्या बुडाशी पांढऱ्या दगडांचं रिंगण असे, त्यात निशाणदाराखेरीज कुणी पाऊल टाकायचं नाही. आणि निशाण चढताना ढोल वाजायला लागला की मान वर करायची, ती ढोल थांबेपर्यंत खाली आणायची नाही. तेवढ्या वेळात खाली पाहणं हा नगराचा अपमान. त्यामुळे निशाणाच्या दिवशी एकमेकांच्या शेपट्या तुडवल्या जायच्या, खुरांखाली बोटं यायची, पण कुणी हूं की चूं करत नसे.

निशाणदार होता धोंडबा कासव. सकाळी निशाण चढवायचं, संध्याकाळी उतरवून लाकडी पेटीत ठेवायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्याआधी हे काम त्याच्या बापाकडे होतं. एक काम मात्र त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. काठीखाली तो एक घमेलं ठेवायचा, कारण निशाणातून पाणी ठिबकायचं. पाऊस नसो, दव नसो, निळ्या पट्ट्याच्या खालच्या कडेला थेंब जमायचा, लोंबायचा, आणि टपकन पडायचा. रोज घमेलं भरायचं. धोंडबा ते उचलून कोरड्या पात्रात ओतून यायचा. येणारेजाणारे घमेल्याला वळसा घालून जायचे. पाणी कुठलं, असं कुणी विचारत नसे. भर दुपारी वारा पडलेला असताना कापडातून बारीक शीळ यायची, ऊद घालतो तशी. तेव्हा दुकानदार एकमेकांशी मोठ्यानं बोलायला लागायचे. उंबर पिकायच्या दिवसांत निशाणाभोवती गांधीलमाशा घोंगावायच्या. आणि संध्याकाळी धोंडबा कापडाची घडी घालायचा तेव्हा घडीच्या आत काहीतरी अंग चोरून कूस बदलायचं. तो घडी सैल ठेवायचा. त्यापलीकडे त्याला काही करता येत नव्हतं.

नगराच्या उगवतीला एक माळ होता. खडकाळ, झाडझुडूप नाही. माळ संपला की नदीचं कोरडं पात्र. त्या माळावर मंजुळा नावाची टिटवी राहायची. नाव मंजुळा आणि आवाज टिटवीचा, त्यामुळे नगरात तिच्या नावावर बरेच विनोद होते. घर तिला नव्हतंच. जमिनीत जराशी खळगी, तिच्याभोवती चार खडे, आणि खळगीत खड्यांसारखीच दिसणारी मातकट, काळ्या ठिपक्यांची चार अंडी.

उन्हाळा कडक होता. खडक तापले की अंडी आतल्या आत शिजायची भीती. पूर्वी टिटव्या नदीवर जाऊन पोट भिजवून यायच्या आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायच्या. मंजुळा धोंडबाच्या घमेल्यावर यायची. रिंगणाच्या कडेला उभी राहून विचारायची, "काका, येऊ का?" धोंडबा घमेलंच तिच्याकडे सरकवायचा. ती पोट बुडवायची, पिसं फुलवून पाणी धरायची आणि घाईघाईनं निघून जायची. बोलणं फारसं होत नसे.

"काका, याला नदीचा वास येतो हो."

"येतो खरा," धोंडबा म्हणायचा, आणि वर पाहायचा नाही.

त्या वर्षी नगरसभेला माळ हवा झाला. जुनी दुकानं अपुरी पडत होती. माळ सपाट करून तिथे मोठा बाजार भरवायचा आणि बाजाराच्या मधोमध निशाणाची काठी हलवायची, असं ठरलं. रेडे तयार होते, माळ तुडवून सारखा करायला त्यांना एक दिवस पुरला असता. अडचण एकच. माळ टिटवीचा होता, आणि कुणाला त्याच्या जागेवरून हुसकावून लावल्याचा डाग नगराच्या नावाला अजून लागलेला नव्हता. नगराध्यक्ष होते रंगराव बोकड. दाढी पांढरी, चाल संथ, आवाजात गोडवा. जे समोर येईल ते चघळत चघळत ऐकून घ्यायची त्यांची सवय. त्यांनी ठरवलं की आपण स्वतः जाऊ.

ते आले तेव्हा सकाळ होती. बरोबर दवंडी देणारी साळुंकी आणि नगरसभेतले चारसहा जण. खुरांचा आवाज ऐकताच मंजुळा खळगीतून उठली, वाकून लांब पळाली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत धडपडली. एक पंख पसरून जमिनीवर फरफटवत, लंगडत, केविलवाणी ओरडत ती उलट्या बाजूला निघाली. टिटव्या हे पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. पंख मोडल्याचं सोंग करायचं, येणाऱ्याला आपल्यामागे ओढायचं, अंड्यांपासून लांब न्यायचं.

"अगबाई, पंख मोडला की काय हिचा!" साळुंकी म्हणाली.

"मोडला नाही," रंगराव म्हणाले. ते अगदी हेलावून गेले होते. "नमस्कार करते आहे. बघा, कशी जमिनीला टेकली आहे! नगराविषयी एवढी भावना मी कुणात पाहिली नाही."

सगळेजण तिच्यामागे माळाच्या टोकापर्यंत गेले. अंडी मागे राहिली. मग मंजुळा सरळ उभी राहिली आणि पंख मिटून घेतला.

"मंजुळाबाई, नगरानं तुमची निवड केली आहे," रंगराव म्हणाले. "येत्या अमावास्येला तुम्ही निशाणावर. नदीच्या जरा वर, उदाच्या शेजारी. टिटवी म्हणजे जागरूकता. रात्रभर ओरडून तुम्ही नगर राखता."

"काल तर म्हणत होते, रात्रभर ओरडून झोप मोडते."

"म्हणणारे म्हणतात. नगर तसं म्हणत नाही."

"मला मान नको हो. माझी जागा तेवढी राहू द्या."

"जागाच तर देतो आहोत, बाई. त्याहून उंच जागा नगरात दुसरी नाही."

साळुंकीला राहवलं नाही. "अगं, एवढं वर कुणी बोलावलं असतं तर मी पिसं विंचरून बसले असते. तुझा गळा असा, तरी तुला बोलावतायत. हो म्हण की!"

"नाही म्हटलं तर?"

रंगरावांनी तोंडातलं काहीतरी चघळून संपवलं. "नाही कुणी म्हटलेलंच नाही अजून," ते म्हणाले. "म्हटलं तर नगराला वाईट वाटेल. आणि रेडे काय, ते बोलावले की येतात. त्यांना खाली बघून चालायची सवय नाही."

ते गेल्यावर मंजुळा खळगीकडे आली नाही. कुणी मागे वळून पाहील म्हणून बराच वेळ भलत्याच दगडावर बसून राहिली. दुपारी घमेल्यावर आली तेव्हा तिनं पोट बुडवलं नाही.

"काका, ऊद तिथे गेला तेव्हा तुम्ही होतात ना?"

"होतो."

"काय होतं?"

धोंडबानं मान थोडी आत घेतली. त्याला उत्तर द्यायला नेहमीच वेळ लागायचा, पण आज जास्तच लागला. "शिवणारीण टाका घालते तसतसं खालचं फिकं होत जातं," तो म्हणाला. "पाय शिवले की पायांना माती लागत नाही. पोट शिवलं की भूक जाते. डोळा सगळ्यांत शेवटी. डोळ्याचा टाका ओढला की खाली कुणी नसतं. उदाचं तसं झालं. तो उभा होता तिथे ओली माती राहिली, एवढीच."

"दुखतं का?"

"वरून शीळ येते. दुखण्याची आहे की आठवणीची, मला समजलेलं नाही, पोरी."

मंजुळा म्हणाली, "आज आमच्या अंड्यांत हललं. अमावास्येपर्यंत फुटतील की नाही सांगता येत नाही. मला ती उचलता येत नाहीत. टिटवीची चोच तशी नाही. मी नाही म्हटलं तर रेडे येतील. हो म्हटलं तर मीच नसेन."

घमेल्यात एक थेंब पडला. दोघं त्याच्याकडे बघत राहिली.

"काठी कुठे रोवायची ते निशाणदार ठरवतो," धोंडबा सावकाश म्हणाला. "बापाच्या वेळेपासून तसं आहे. काठी रोवली की भोवती रिंगण. रिंगणात रेडासुद्धा पाय घालत नाही."

मंजुळानं त्याच्याकडे पाहिलं.

"पण काठी निशाणासाठीच रोवतात," तो म्हणाला. "निशाण नवं चढणार असेल तरच. म्हणजे तू हो म्हटलंस तरच. मी फार विचार केला. दुसरं काही सुचलं नाही मला."

"म्हणजे काठी खळगीशी रोवाल, आणि अंड्यांवर वरून पाणी पडेल?"

"थेंब थेंब."

"पुरेल तेवढं," मंजुळा म्हणाली. आणि मग तिनं पोट बुडवलं.

शिवण्याचं काम गोदा शिंपिणीकडे होतं. पानाला पान टाचून घर करणारी एवढीशी पाखरीण. तिचं पहिलं घर उंबराच्या पानांत होतं आणि उंबर तिनंच शिवला होता. ती कापड घेऊन माळावर आली, कारण मंजुळा खळगीवरून उठायला तयार नव्हती.

"कशी उभी राहतेस?" गोदानं विचारलं. "ऊद बघ कसा ऐटीत आहे. तू चोच वर कर. जागरूक दिसायला हवीस म्हणतात."

"मला पंख पसरलेली काढ. एक पंख जमिनीवर टेकलेला. फरफटणारा."

"अशी? अध्यक्षांना चालेल का?"

"त्यांना तीच आवडली."

गोदा पाय शिवायला लागली. पिवळा दोरा ओढला गेला तशी मंजुळाच्या पायाखालची माती भाजेनाशी झाली.

"मला दोष देतेस का गं?" गोदानं मान खाली घालूनच विचारलं. "मी नाही म्हटलं तर दुसरी शिवेल. आणि पुढच्या खेपेला मी वर जाईन. माझी लेक सुई धरायला लागली आहे. मला ती शिवेल."

"मी काही म्हटलं का?"

"म्हणत नाहीस तेच सोसत नाही. मागचा ऊद तरी शिव्या देत होता."

मंजुळा हसली. मोठ्यानं हसली, टिटवीच हसते तशी. गोदाही हसली आणि तिचा एक टाका वाकडा पडला, तो तिनं तसाच ठेवला.

गोदा रोज यायची. पोट शिवलं तेव्हापासून मंजुळाला भूक लागेना. पाठीचा तपकिरी रंग कापडावर भरत गेला आणि इकडे तिच्या पाठीतून पलीकडचे खडे दिसायला लागले. ती अंड्यांवर बसायची, पण तिची ऊब आता अंड्यांना कमी कमी पोचत होती. पोट भिजवून आली तरी पाणी पिसांत राहायचं नाही, वाटेतच गळून जायचं. धोंडबानं खळगीशेजारी काठी रोवली, पांढरे दगड मांडले. साळुंकी पाहून गेली आणि म्हणाली, "तात्या, मधोमध सोडून इकडे कडेला कुठे रोवलीत? नजर कमी झाली का?" धोंडबा म्हणाला, "कमीच झाली." साळुंकीनं ही गंमत नगरभर सांगितली. कासवाचा काय भरवसा, असं म्हणून लोकांनी सोडून दिलं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी फक्त डोळा राहिला होता.

"हा टाका उद्या घाल," मंजुळा म्हणाली. "ढोल वाजायला लागल्यावर."

"अध्यक्ष रागावतील. आज पुरं करून द्यायचं आहे."

"दोरा संपला म्हण."

गोदानं तिच्याकडे पाहिलं. आता पाहायला फारसं काही राहिलं नव्हतं. पुसट काळा गळा, आणि लाल कडेचा एक डोळा, तो मात्र जसाच्या तसा. "दोरा संपला आहे," गोदा म्हणाली, आणि सुई पानात खोचून निघून गेली.

सकाळी नगर माळावर लोटलं. रेडे बाजूला रांगेत उभे होते. निशाण चढलं की त्यांचं काम सुरू व्हायचं होतं. रिंगणात धोंडबा, काठी, गोदा, आणि जमिनीवर हवेचा थरकाप व्हावा तशी मंजुळा. तिच्याकडे कुणी नीट पाहिलं नाही. सगळे कापडाकडे पाहत होते.

तिनं कान अंड्यांना लावला होता. एका अंड्यातून आवाज येत होता. मग दुसऱ्यातून. कवचाच्या आतून चिव, चिव, अगदी बारीक. एकाला तडा गेला होता. तिनं हळूच उत्तर दिलं. तो आवाज कुणाला ऐकू आला नाही, फक्त अंड्यांना ऐकू आला.

"कळलं त्यांना," ती धोंडबाला म्हणाली. "माझा आवाज कळला."

ढोल वाजला. साऱ्या माना वर झाल्या.

गोदानं डोळ्याचा टाका घातला आणि ओढला.

निशाण चढलं. त्यावर नदी होती, उंबर होता, ऊद होता आणि एक टिटवी होती, पंख पसरून जमिनीवर फरफटणारी. तिला पाहताच गर्दीतून सुस्कारा उमटला. कुणाला ती नमस्कार करताना दिसली, कुणाला नाचताना. रंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बोलायला लागले, आणि बराच वेळ बोलले.

खाली खळगीत निळ्या पट्ट्यातून एक थेंब पडला. मग आणखी एक. पहिलं कवच उलगडलं. ओलं, मातकट पिलू बाहेर आलं, उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. टिटवीची पिलं जन्मल्या दिवशीच चालतात. दुसरं आलं, तिसरं आलं. चौथ्याला वेळ लागला, धोंडबानं नखानं कवच जरासं सरकवलं. माळावर हजार माना वर होत्या. खाली पाहणारा तो एकटा.

पिलं रिंगणाच्या बाहेर पडली. पुढे खुरं होती, पंजे होते, रेड्यांचे पाय होते. पिलं त्या पायांच्या मधून निघाली, उगवतीकडे, जिकडून ओल्या मातीचा वास येत होता. इतकी वर्षं धोंडबानं घमेलं जिथे ओतलं होतं तिथे पात्रात एक ओली रेघ पडलेली होती.

रेडा पाय बदलणार तोच वर कापड फडाडलं आणि त्यातून टिटवी ओरडली. सगळ्यांनी ती ऐकली. ढोलकऱ्याचा हात चुकला. रंगराव क्षणभर थांबले, मग म्हणाले, "ऐका, जागरूकता!" आणि टाळ्या पडल्या. खाली चारही पिलं होती तिथे जमिनीला चिकटली. माळावर आधीच पुष्कळ खडे होते, त्यांत चार खडे वाढले. खूर त्यांच्या शेजारी पडला. कापड शांत झालं तसे खडे उठून चालायला लागले. पुन्हा फडाडलं, पुन्हा खडे झाले. असं करत करत ती गर्दीच्या पार गेली.

ढोल थांबला. माना खाली आल्या. रेडे कामाला लागले आणि संध्याकाळपर्यंत माळ सपाट झाला, रिंगण तेवढं सोडून.

धोंडबानं त्या संध्याकाळी निशाण उतरवलं नाही. तो खळगीशी बसून राहिला. खळगीत कवचाचे तुकडे होते आणि त्यांत पाणी साठत होतं. वारा मावळतीकडून सुटला होता, चांगला जोराचा. दुकानांचे पडदे, साळुंकीची पिसं, रंगरावांची दाढी, सारं उगवतीकडे उडत होतं, जिकडे कोरड्या पात्रात गोट्यांमध्ये चार गोटे श्वास घेत होते. निशाण तेवढं उलट्या बाजूला ताणलेलं होतं. भर वाऱ्याच्या तोंडाला, काठी कलती करत, एक पंख फरफटवत ते मावळतीकडे ओढ घेत होतं, आणि खाली सारं नगर तिकडेच पाहत उभं होतं.